खुणेचा शब्द

दर शनिवारी दुपारी मी पालकांच्या ग्रुपवर एक निरोप टाकते: या आठवड्यात तिसरीचा वर्ग काय शिकला. नियम शाळेचा आहे. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना वाटतं की त्यामुळे पालक शाळेशी जोडलेले राहतात. पालकांकडून उत्तरादाखल येतात ते बहुतेक जोडलेले हात. एखादे वडील विचारतात, "हे परीक्षेला आहे का?" आणि एक आजोबा न चुकता निरोपातली शुद्धलेखनाची चूक काढतात, नसली तरी. वर्गात खरोखर काय चाललंय याच्याशी कुणाला देणंघेणं असेल, असं मला बरीच वर्षं वाटलेलं नव्हतं. मुलांनाही नाही. मुलं शिकतात, पेपरात उतरवतात आणि मे महिन्यात आंबे खाता खाता सगळं विसरतात. मीही त्यांच्या वयात तेच केलं होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

पण गेल्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. दुसऱ्या बाकावर बसायची, दोन घट्ट वेण्या, बोलणं मोजकं. तिचा एकच त्रास होता: सांगितलेलं ती खरं मानायची. एकदा मी गणिताच्या तासाला म्हटलं की एक ओळ सोडून लिहा, तर तिने दिवाळीपर्यंत सगळ्या विषयांत एक ओळ सोडून लिहिलं. तिची आई मला भेटायला आली ती वह्या लवकर का संपतात हे विचारायला. आई खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत, वडील महिन्यातले निम्मे दिवस परगावी. घर बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांच्या मागे. शाळा आमची शनिवार पेठेत. सकाळी आई स्कूटरवर सोडायची, दुपारी ती व्हॅनने जायची. अंतर म्हणाल तर एक हाक मारावी एवढं, पण मधे मोठा रस्ता आहे आणि एकेरी वाहतूक आहे, त्यामुळे स्कूटरला अर्धी पेठ पालथी घालावी लागते.

फेब्रुवारीत आमचा परिसर अभ्यास चालू होता. एका आठवड्यात दिशा शिकवल्या. सगळा वर्ग मैदानात नेऊन सूर्याकडे तोंड करून उभा केला. पुढच्या आठवड्यात नकाशा: घर ते शाळा, प्रत्येकाने आपापला. नकाशा हातात धरला की आधी त्याची उत्तर आणि खरी उत्तर जुळवून घ्यायची, मग चालायला लागायचं, हे मी घोकून घेतलं. आणि खुणा हलणाऱ्या नकोत, हे बजावलं. गाय नको, भेळेची गाडी नको, कुणाचा ट्रक नको.

त्या मुलीने नकाशात एक मोटार काढली होती. मी लाल पेन उचललं तशी ती म्हणाली, "बाई, ती हलत नाही."

"मोटार हलत नाही?"

"टायरच नाहीत तिला. आत मांजरीची पिल्लं आहेत."

पेठेत राहणाऱ्याला अशी मोटार दाखवावी लागत नाही. प्रत्येक गल्लीत एक असते. मालक कोण ते कुणाला ठाऊक नसतं, पण तिच्या शेजारी स्कूटर लावली तर वरच्या मजल्यावरून लगेच आवाज येतो. ही मोटार मलाही ठाऊक होती, माझ्या रोजच्या वाटेवरची. तिच्याइतकी स्थिर वस्तू त्या गल्लीत दुसरी नव्हती. मी मोटार राहू दिली.

तिसऱ्या आठवड्यात रस्त्यावरची चिन्हं आणि रस्ता ओलांडणं. लाल गोलात पांढरी आडवी पट्टी दिसली की तिथून आत शिरायचं नाही, पांढऱ्या पट्ट्यांवरूनच पलीकडे जायचं, वगैरे. आणि चौथ्या आठवड्यात आला तो विषय, ज्याच्यामुळे हे सगळं झालं.

मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या. शाळेने ठरवलं, सुरक्षिततेचा आठवडा घ्यायचा. मला एक युक्ती माहीत होती, ती मी वर्गाला दिली. प्रत्येकाने आईबाबांबरोबर बसून एक खुणेचा शब्द ठरवायचा. तो घरातच राहायचा. तुम्हाला न्यायला नेहमीचं माणूस न येता दुसरं कुणी आलं तर त्याला शब्द विचारायचा. सांगितला तर जायचं, नाही सांगितला तर जायचं नाही, मग तो माणूस ओळखीचा का असेना. आणि हरवलात तर आहात तिथेच उभं राहायचं, आपलं माणूस येईपर्यंत.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, तुम्ही न्यायला आलात तर?"

"मलाही विचारायचा," मी म्हटलं. "मला शब्द आला नाही तर माझ्याबरोबरही यायचं नाही." वर्ग खूश झाला. बाईंना नाही म्हणायची परवानगी रोज थोडीच मिळते.

त्या आठवड्याचा निरोप टाकला तेव्हा नेहमीसारखे जोडलेले हात आले.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटली होती, मी शिक्षकखोलीत डबा उघडून बसले होते. दारात एक बाई आल्या, पन्नाशीच्या, धापा टाकत. त्या मुलीच्या शेजारच्या काकू. व्हॅन बंद पडली होती, आईने खराडीहून फोन करून काकूंना पाठवलं होतं.

"मुलगी हातातून सुटून गेली हो," त्या म्हणाल्या. "मला म्हणते शब्द सांगा. कसला शब्द? मी म्हटलं, चल मुकाट्याने, ऊन किती आहे. हात धरला तर हिसडा देऊन गर्दीत शिरली. दिसतच नाहीये."

घास तसाच डब्यात राहिला.

"तिच्या आईला कळवलंत?"

"केला ना फोन. पळून गेली एवढंच म्हटलं, तर तिने ठेवूनच दिला. निघाली असेल."

घाईत आईने काकूंना शब्द दिला नव्हता, आणि शब्दाबद्दल काकूंनीही आईला काही सांगितलं नव्हतं. त्यांना ते पोरीचं नाटक वाटलं होतं. मी आईला फोन लावला. नुसता वाजत राहिला. खराडीहून पेठेत स्कूटरवर यायचं म्हणजे दुपारच्या वेळी तास सहज जातो, आणि फोन डिकीत. वडिलांचा बंद, काकू म्हणाल्या, ते विमानात आहेत.

शिपायाने मैदान, स्वच्छतागृहं, वरचे वर्ग, सगळं पाहिलं. मुख्याध्यापिकाबाई पदराने मान पुसत म्हणाल्या, "पोलिसांना कळवते मी." मी म्हटलं, जरूर कळवा, मी रस्त्याने बघते. काकूंना घरी पाठवलं, ती पोचलीच तर दार उघडं हवं म्हणून. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, दोन वेण्यांची एक मुलगी बाहेर उभी राहून एक कागद हातात गोल गोल फिरवत होती. आधी सूर्याकडे बघायची, मग कागदाकडे. मग डावीकडे गेली.

मला एकदम समजलं. ती उत्तर जुळवून घेत होती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सरळ सांगते: भीती वाटली. इतकी वर्षं मुलं ऐकत नाहीत म्हणून मी चिडत आले. कुणी शब्दन् शब्द ऐकला तर काय होईल, याचा विचार मी कधी केला नव्हता. ही आठ वर्षांची पोर माझे तीन-चार आठवडे दप्तरात घालून एकटी रस्त्यावर उतरली होती, आणि मी शिकवताना काय काय सांगायचं राहिलं होतं ते मला आता आठवायला लागलं.

पहिली गोष्ट, डावीकडे का? तिचं घर उजवीकडे. उजवीकडच्या गल्लीतून सरळ गेलं की मोठा रस्ता, तो ओलांडला की घर. पण त्या गल्लीच्या तोंडाशी लाल गोलात पांढरी पट्टी आहे. तिथून आत शिरायचं नाही, हे मी शिकवलं होतं. ते गाड्यांसाठी असतं, पायी माणसासाठी नाही, हे वेगळं सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. या शहरात ते चिन्ह गाड्याही मानत नाहीत. मानणारी सापडली ती एकच, आणि तीही पायी.

म्हणजे ती लांबच्या वाटेने गेली होती, स्कूटरच्या वाटेने. मी पळत सुटले. साडी नेसून शनिवार पेठेत पळणाऱ्या बाईकडे लोक बघतात, पण कुणी विचारत नाही. एका दुकानदाराने मात्र शेजाऱ्याला सांगितलेलं मला ऐकू आलं, "बँक बंद व्हायला आली असेल."

मोठ्या रस्त्यावर आले आणि थबकले. पांढऱ्या पट्ट्यांवरूनच ओलांडा, असं मी सांगितलं होतं. पट्ट्या नव्हत्याच. मागच्या महिन्यात रस्ता खणला, वर डांबर ओतलं, आणि पट्ट्या पुन्हा ओढायचं राहून गेलं. बसगाड्या, रिक्षा, उलट्या बाजूने येणारे स्कूटरवाले. इथे ती किती वेळ उभी राहिली असेल? की शेवटी डोळे मिटून धावली असेल? मी रस्त्याकडे बघायला घाबरत होते. कडेच्या पेरूवाल्या मावशींना विचारलं.

"निळा गणवेश ना? होती की," त्या म्हणाल्या. "लई वेळ उभी होती. मी म्हनलं, ये, सोडते पलीकडं, तर मान हलवून नाय म्हनली. मग कालेजची पोरंपोरी निघाली घोळक्यानं, त्यांच्या मागनं गेली."

मी त्यांचे आभारही मानले नाहीत. पलीकडे गेल्यावर ती गल्ली लागते, ज्यात मोटार होती.

होती, म्हणायचं कारण असं की दोनच दिवसांपूर्वी महापालिकेची क्रेन आली होती. मी शाळेत येताना पाहिलं होतं. मोटार हवेत लोंबकळत होती, आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांनी आयुष्यभर ती हलवा म्हणून अर्ज केले असतील, तेच आता ती हलवल्याबद्दल भांडत होते. तेव्हा मी हसले होते. आता मात्र मला एवढंच दिसत होतं की नकाशात पुढची खूण मोटारीची आहे, आणि मोटार नाही. तिच्या हिशेबाने खूण नाही म्हणजे वाट चुकली. वाट चुकली म्हणजे हरवलो. आणि हरवल्यावर काय करायचं, तेही मीच सांगितलं होतं.

ती तिथेच होती. मोटारीच्या जागी तेलाचा काळा डाग आणि वाळलेल्या पानांचा चौकोन उरला होता, त्या चौकोनाच्या मधोमध, पाठीवर दप्तर, हातात घडी पडलेला कागद. ऊन थेट डोक्यावर. चेहरा लालबुंद झाला होता, पण ती रडत नव्हती.

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. ती एक पाऊल मागे सरकली.

"बाई, शब्द?"

"अगं, मी आहे ना."

"पण शब्द?"

आता मला शब्द कुठून ठाऊक असणार? मी पुन्हा आईला फोन लावला. वाजत राहिला. आम्ही कुठे आहोत ते लिहून पाठवलं, शब्द कळवा असंही लिहिलं. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंचाच फोन आला. सापडली म्हटल्यावर त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि लगेच नेहमीच्या आवाजावर आल्या.

"मग घेऊन या ताबडतोब."

"येत नाहीये ती. मला शब्द माहीत नाही."

"म्हणजे काय? उचलून आणा. तुम्ही तिच्या बाई आहात की ती तुमची बाई आहे?"

मी फोन ठेवला. उचलून नेणं अवघड नव्हतं. काडीसारखी पोर. पण उचललं असतं तर ती ओरडली असती, कारण कुणी बळजबरीने उचललं तर जोरात ओरडायचं, हेही शिकवून झालं होतं.

शिवाय आता लोक जमले होते. पुण्यात दुपारी एक ते चार माणूस सापडत नाही म्हणतात, पण दुसऱ्याच्या भानगडीला सापडतो. एक काठीवाले आजोबा, बनियनवर बाहेर आलेले एक गृहस्थ, एक बाई धुण्याची बादली तशीच हातात घेऊन.

"कोण तुम्ही?" बनियनवाल्या गृहस्थांनी मला विचारलं.

"हिची वर्गशिक्षिका."

"ओळखपत्र?"

ते शिक्षकखोलीत, डब्याशेजारी. गृहस्थांनी मान हलवली, जशी काही माझी चोरी सापडली. मग मुलीकडे वळले. "बाळ, ओळखतेस का यांना?"

"हो. माझ्या बाई आहेत."

"मग जा की त्यांच्याबरोबर."

"त्यांना शब्द माहीत नाही."

"कसला शब्द?"

तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं, पायरी पायरीने, वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं. माझ्या स्वतःच्या तोंडची वाक्यं होती ती. इतर वेळी मला अभिमान वाटला असता. आता वाटत होतं, हिला चक्कर येईल आणि ही इथे पडेल, आणि लोक मला विचारतील की हातभर अंतरावर उभ्या राहून तुम्ही काय करत होतात.

बादलीवाल्या बाईंनी पाणी आणलं. ती घेईना. मी म्हटलं, तुझ्याच बाटलीत घेऊ या का, तर बाटली पुढे केली पण स्वतः चौकोनाबाहेर आली नाही. पाणी प्यायली आणि मग तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मी पहिलं अक्षर सांगू का? तुम्ही ओळखा."

मला हो म्हणायचं होतं. मनापासून हो म्हणायचं होतं. एक अक्षर, की दुसरं, की मी तिला कडेवर घेऊन सावलीत नेलं असतं. कुणाचं काय बिघडलं असतं?

पण त्याआधी बनियनवाले गृहस्थ खाली वाकले. माणूस वाईट नव्हता. आवाज मऊ करून, तोंडाजवळ तोंड नेत म्हणाले, "हां, शहाणी बाळ. ये, माझ्या कानात सांग."

मला मोबाइलवरच्या त्या अफवा आठवल्या. ती त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. दमली होती, तिला घरी जायचं होतं, आणि तो शब्द तिच्या अगदी ओठांवर होता. मी आता काय म्हणते, त्यावर तिचं पुढचं सगळं ठरणार होतं, अशी माझी त्या वेळी खात्रीच झाली.

"नाही," मी ओरडलेच. "सांगायचा नाही. त्यांनाही नाही, मलाही नाही."

गृहस्थ दुखावले. "विचित्रच आहात," म्हणाले.

मी त्या तेलाच्या डागाशेजारी फुटपाथच्या कडेवर बसले. पदर सोडवला आणि हात लांब करून तिच्या डोक्यावर सावली होईल असा धरला. चौकोनाबाहेरून जेवढा पोचला तेवढा. तिने त्याला हरकत घेतली नाही. पदर धरायला शब्द लागतो असं मी कुठे शिकवलं नव्हतं. हात दुखायला लागला की बदलायचा, एवढंच काम होतं. लोक गेले नाहीत. आजोबांनी त्यांची छत्री आणून दिली, तेव्हा माझे हात सुटले.

बऱ्याच वेळाने गल्लीत एक स्कूटर शिरली, उलट्या बाजूने, हॉर्न देत. स्कूटर स्टँडवर न लावताच तिच्यावरची बाई उतरली, स्कूटर आडवी झाली तरी तिने मागे पाहिलं नाही. डोक्यावर हेल्मेट, चेहरा डोळ्यांपर्यंत स्कार्फने गुंडाळलेला, बोटांपर्यंत सनकोट. आपल्याकडच्या सगळ्या आया दुपारी अशाच दिसतात, दरोडा घालायला निघाल्यासारख्या.

मुलगी जागची हलली नाही. तिने नीट पाहिलं. मग तेच विचारलं.

"शब्द?"

बाई थबकली. स्कार्फच्या वर नुसते डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. तिने हेल्मेट काढलं, स्कार्फ ओढून काढला, गुडघ्यांवर बसली आणि मुलीच्या कानाशी तोंड नेलं.

तेव्हा कुठे ती रडली. आईच्या सनकोटात तोंड खुपसून, इतका वेळ साठवलेलं सगळं.

तिच्या डोक्यावरून आईने माझ्याकडे पाहिलं. "एवढा वेळ," ती म्हणाली. "एवढा वेळ माझी मुलगी उन्हात उभी आहे, आणि तुम्ही शेजारी बसून आहात? मी सिग्नलला तुमचा मेसेज वाचला, मला वाटलं हे काहीतरी भलतंच आहे. तुम्ही तिच्या टीचर आहात. तुमच्याबरोबर यायला काय झालं होतं तिला? असलं कसलं शिकवता तुम्ही?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला लागले असते तर मीही रडले असते. बनियनवाल्या गृहस्थांनी मान डोलावली. त्यांनाही हेच विचारायचं होतं.

सनकोटातून मुलीचा आवाज आला, नाक चोंदलेला. "आई, त्यांना नको रागवू. त्यांना माहीतच नव्हता. मी सांगत होते, तर त्या सांगू नको म्हणाल्या."

आईने मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. आडव्या स्कूटरकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, त्या गृहस्थांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग छत्री धरून बसलेल्या माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता आणखी ऐकावं लागणार. ती वाकली. तिच्या केसांना घामाचा आणि हेल्मेटचा वास येत होता. ओठ माझ्या कानाला लागतील इतक्या जवळून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असा, तिने मला एक शब्द सांगितला.

साधाच शब्द आहे, घरातला. इथे लिहीत नाही. ती आता चौथीत आहे आणि अजून तोच चालू आहे.